गोठ्यातली गाठ

आमच्या कॉलेजच्या सागरी पथकाला समुद्र नव्हता. इंदापूरच्या बाजूला उजनीचं पाणी होतं, आणि दर रविवारी आम्ही मुली बारामतीहून एसटीनं तिथं जायचो. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक सर होते. त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

जहाजावरच्या शिबिराला एकच मुलगी जाणार होती. मला ती जागा हवी होती, जीव टाकून हवी होती. पण होडी बांधायला सांगितली की माझे हात आपोआप सुरगाठ मारायचे. पणदऱ्यात आमच्या घरी जनावर खुंट्याला तसंच बांधतात. मोकळं टोक ओढलं की दावं झटक्यात सुटतं. सरांनी सगळ्यांदेखत ते टोक ओढलं आणि होडी पाण्यात ढकलून दिली.

"गोठ्यातली गाठ गोठ्यात ठेव. ती विसरलीस तरच जहाज दिसेल."

मुली फिदीफिदी हसल्या. मी गुडघाभर गाळातून होडी ओढत आणली.

मग मीही हट्टाला पेटले. घरात दिसेल त्या दोरीला बोलाइन मारायला लागले. ही जहाजावरची गाठ, भार आला की हलत नाही. एका सकाळी गोठ्यातलं दावंही तसंच बांधलं. आई म्हणाली, "जनावराला तसलं कायबाय बांधू नगं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे मीच म्हटलं.

तासाभरात कालवड ओल्या फरशीवर घसरली आणि गव्हाणीच्या कठड्यापलीकडं जाऊन गळ्यातल्या दाव्याला लटकली. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली कालवड. सगळा भार दाव्यावर. मी गाठीशी झटले, नखं तुटली, पण गाठ सैल होईना. आई तिला खालून उचलायला बघत होती आणि "सोड की गं, सोड की" एवढंच म्हणत होती. विळा वडिलांबरोबर रानात गेलेला. घरातला चाकू आणून मी दावं कापलं, तोवर तिची धडपड थांबली होती.

पुढच्याच रविवारी परीक्षा झाली. मी डोळे मिटून बोलाइन बांधली. सर खूश झाले. "बघा, सुटला हिचा गोठा."

मी विचारलं, "सर, भार असताना ही कशी सोडायची?"

"सुटत नाही. कापावी लागते. सांगायचं राहिलं वाटतं."

घरी काय झालं ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "पुढची कोण?"

शिबिराला मी गेले. का नाही जाणार?

आता सुट्टीला घरी आले की गाई मीच बांधते, सुरगाठीनं. तरी आई मागून येते, एकेक गाठ सुटते का ते ओढून बघते आणि पुन्हा बांधते.