शिलेदारासाठी नवस

येरमाळ्याच्या आमच्या वाचनालयात एक शिलाईवाल्या बाई येतात. बोट ओलं करून पान उलटतात. मी रागावले की पदराला पुसतात आणि पुन्हा तेच. मागे त्यांनी जुन्या काळातल्या एका ख्रिस्ती शिलेदाराची प्रेमकथा नेली. चर्च जाळल्याचं पाप फेडायला तो अनवाणी हिंडत होता.

“मॅडम, शेवट सांगू नका. त्याला माफी मिळावी म्हणून येडाईला ओटीचा नवस बोललेय.”

माफी मिळाली, पण शिलेदार वाट पाहणाऱ्या प्रेयसीला सोडून मठात गेला. बाईंनी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं.

“देवानं केलं असंल माफ, म्या न्हाय!”

तरी मंगळवारी बाई येडाईच्या देवळात गेल्या. मीही सोबत होते. ओटी भरून त्यांनी हात जोडले.

“आई, त्याचं भागलं. आता त्या पोरीचं बघ.”