देवाच्या लोकरीची टोपरी

गाडगं रिकामं!

अंबाबाईनं ते उलटं केलं, हलवलं, आत हात घालून बूड चाचपलं. कडुलिंबाचा वाळका पाला तेवढा खाली पडला. बास. माळ्याच्या शिडीवर उभ्याउभ्याच म्हातारीनं ते गाडगं छातीशी धरलं. आणि खाली चुलीपाशी तिची सून राजाबाई हातातली भाकरी तशीच धरून वर बघत राहिली, कारण ते गाडगं तिनंच रिकामं केलं होतं. पण त्यात एवढं काय? लोकर तर होती!

"राजे," अंबाबाई वरनंच म्हणाली. आवाज कसला, नुसती हवा. "ह्यातली लोकर कुटं गेली?"

"मी घेतली आत्याबाई. टोपरी केली."

"टोपरी?"

"व्हय. पौडच्या बाजारात इकली."

अंबाबाई शिडीवरच मटकन बसली. राजाबाईचा नवरा म्हसू दारात मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मेंढी सोडून तो आत पळत आला.

"काय गं आये? पडलीस का?"

"मी न्हाई पडले. तुझ्या बायकूनं बिरोबाला बाजारात इकला!"

म्हसूनं गाडग्याकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. नवरा चिडला असता तर चाललं असतं. घाबरलेला तिनं त्याला कधी बघितलाच नव्हता.

झालं होतं असं. खाली खोऱ्याच्या तोंडाशी धरण उभं राहिलं होतं आणि मुळशीच्या खोऱ्यात पाणी चढत होतं. भाताची खाचरं गेली, करवंदीच्या जाळ्या गेल्या, धनगरवाडीच्या खालच्या अंगाला बिरोबाचा चौथरा होता त्याच्या पायाला आता पाणी लागलं होतं. येत्या रविवारी देव उचलून वर माळावर न्यायचा ठरला होता. पण ह्या वाडीची रीत अशी की बसलेल्या देवाला माणसाचा हात लागता कामा नये. बाईनं तर चौथऱ्यावर पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. देव हलवायचा तर कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीत, म्हणजे जावळात गुंडाळून. त्या लोकरीची घोंगडी अंथरायची, काठीनं देव तिच्यावर कलंडवायचा आणि चौघांनी चार टोकं धरून उचलायचा. अंबाबाई सासरी आल्यापासून दर वर्षी कोकरामागं एक चिमूट जावळ बाजूला काढत होती. देवाला हलायची वेळ येईल असं तिला वाटलंही नव्हतं. रीत होती म्हणून काढत होती. आणि आता खरंच वेळ आली, तर गाडगं रिकामं!

"मला म्हाईत न्हवतं!" राजाबाई ओरडली. "कुणी सांगितलं हुतं मला? आवं, तुमी सांगितलं हुतं का?"

म्हसू खाली बघायला लागला.

त्याचाही दोष नव्हता. ती पण रीतच. सून लेकुरवाळी झाल्याशिवाय देवाचं काय कुठं ठेवलंय ते तिला सांगायचं नाही. राजाबाईचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. त्यामुळं त्या घरात ती मेंढ्या राखत होती, लेंडीखत वाहत होती, लोकर कातत होती, सगळं करत होती, पण माळ्यावरचं एक गाडगं कशाचं आहे ते तिला माहीत नव्हतं.

आणि लोकर काय सुंदर होती हो! हातात घेतली की हात विसरून जावा असली. राजाबाईला विणायचा नाद लागला होता तो धरणावरच्या ओव्हरसियरच्या बायकोमुळं. त्यांच्याकडं दूध घालायला जायची तेव्हा ती बाई ओसरीत बसून एका आकडीनं दोऱ्याची झालर करत असायची. साखळी, साखळी, खांब, परत साखळी, असे टाके. राजाबाई बघत उभी राहायची ती दूध ओतायचं विसरून. घरी आली, मोडक्या छत्रीची काडी घेतली, दगडावर घासघासून तिला आकडी केली आणि स्वतः कातलेल्या लोकरीवर सुरू! पहिली झालर वाकडी झाली. दुसरी जरा बरी झाली. मग लहान पोरांची जाळीची टोपरी करायला लागली आणि थांबलीच नाही.

"लोकर काय भोकं पाडायला असती व्हय?" अंबाबाई रोज म्हणायची. "घोंगडी बघ. पानी ठरतं तिच्यावर. आन ही बया वारा जायाला वाटा करतीया!"

पण पौडच्या बाजारात टोपरी जायची. राजाबाई पोतं अंथरून बसायची आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात सांगायची, "घ्या बाया, लेकरू वाढलं तरी टोपरं पुरतंय, जाळी ताणती!" स्वतःला लेकरू नाही आणि दुसऱ्यांच्या लेकरांची डोकी झाकतीय, असं काहीजणी मागं बोलायच्या. तिला ऐकू यायचं. ती आणखी मोठ्यानं ओरडायची.

त्या रात्री अंबाबाई जेवली नाही. सकाळी वाडीचा म्हातारा पुजारी धुळातात्या आला, गाडगं बघितलं आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. कुणी मेल्यासारखं!

"आता कोकरांचं जावळ कुटनं आणायचं?" तो म्हणाला. "औंदाची कातरून झाली. देव काय तसाच पान्यात सोडायचा?"

अंबाबाई सुनेकडं वळली. "देव पान्यात गेला तर तू हितं न्हाई ऱ्हायची. चांद्याला बापाच्या घरी जायचं. ती तुझी काडी घिऊन."

म्हसू उठून मेंढ्या सोडायला गेला. ते राजाबाईला जास्त लागलं.

ती उठलीच. घरात साध्या लोकरीची तयार टोपरी होती ती पोत्यात कोंबली आणि निघाली पौडला, डोंगरउतारानं अक्षरशः पळत. कुणी काय घेतलं ते तिला सगळं आठवत होतं. विकलेलं टोपरं ती विसरायची नाही, कुठल्या लेकराच्या डोक्यावर गेलं ते चेहऱ्यासकट लक्षात असायचं.

"बाई, ते द्या, हे घ्या," दारोदार.

"का गं, त्यात ऊ हुती काय?" एकीनं विचारलं आणि सगळी आळी हसली.

"ऊ न्हाई, देव हाय!" राजाबाईच्या तोंडातनं निघून गेलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं. त्या बाईनं पोराच्या डोक्यावरनं टोपरं असं ओढलं की पोर रडायला लागलं. मग काय, बातमी तिच्या पुढं धावली. पुढच्या दारांत बाया टोपरं हातात धरूनच उभ्या! एकीनं तर चिमट्यात धरलं होतं.

राहिलं एक. कासाराच्या चंद्राबाईचं.

चंद्राबाई बांगड्यांच्या माळा लावत बसली होती. पाळण्यात तिची पोरगी झोपलेली, डोक्यावर ते पांढरं टोपरं, कडेला राजाबाईनं घातलेली झालर. पोरीचा श्वास घुरघुरत होता.

"कळलं मला," चंद्राबाई म्हणाली. "आळीभर झालंय. पर मी न्हाई देणार."

"चंद्राबाई, देवाचं हाय ते."

"असंल. माझी दोन गेली, राजाबाई. दोन! दोघांचंबी असंच घुरघुरत हुतं. हिला तुझं टोपरं घातलं तवापासनं झोपतीया तरी. काढलं की रडून काळीनिळी हुती. तुझ्या देवाला सांग, पायजे तर माझं डोकं घे."

राजाबाई पाळण्यापाशी गेली. हात पुढं केला. पोरीनं झोपेत ओठ हलवले, आणि राजाबाईचा हात तिथंच हवेत राहिला. तिला स्वतःचाच धक्का बसला. घर जाणार, नवरा जाणार, आणि हात खाली जाईना! शेवटी तिनं झालरीची दुमडलेली कड सरळ केली, पोरीचा कान आत घेतला आणि बाहेर पडली.

घरी पोचली तेव्हा अंगणात धुळातात्या, म्हसू, वाडीतली माणसं जमलेली. तिनं पोतं उलटं केलं. टोपऱ्यांचा ढीग.

"आता ही काय करू?" अंबाबाई म्हणाली. "बिरोबाला घालू डोक्यावर? इणलेलं परत लोकर हुतं व्हय कदी?"

राजाबाईनं एक टोपरं उचललं, शेंड्याची गाठ दातानं तोडली आणि धागा ओढला.

सर्र! एक वेढा गेला. मग दुसरा. टोपरं तिच्या हातात गोल गोल फिरत लहान होत गेलं, वाटीएवढं, लिंबाएवढं, आणि संपलं! हातात नुसता धागा. अंबाबाई एक पाऊल मागंच सरकली. सगळा जन्म तिनं घोंगड्या बघितल्या होत्या, फाटेपर्यंत, कुजेपर्यंत. विणलेली वस्तू अशी डोळ्यांदेखत नाहीशी झालेली तिनं कधी बघितली नव्हती.

"भुताटकी हाय का काय!" कुणीतरी पुटपुटलं.

"एकच धागा असतुया," राजाबाई धापा टाकत म्हणाली. "सगळं परत मिळतंय."

"सगळं आलं?" धुळातात्यानं विचारलं.

"एक ऱ्हायलं. लेकराच्या डोक्यावर हाय. आजारी हाय ते. मला न्हाई काढता आलं."

आता अंबाबाई फुटणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं ढिगावरनं एकवार हात फिरवला. मग एवढंच म्हणाली, "मंग घोंगडी कमी पडंल."

"घोंगडी कोन इणणार? सणगर बिऱ्हाड घिऊन कवाच लांब देशावर गेला," राजाबाई म्हणाली. "आन रईवार परवा हाय. मी करती. जाळी. जाळीला लोकर कमी लागती, आत्याबाई. पुरंल."

"देवाला जाळी?" धुळातात्याचा आवाज चिरकला. "भोकं भोकं?"

खाली पाण्याचा आवाज येत होता, चौथऱ्याला थपथप लागणारा. शेवटी म्हाताऱ्यानं पागोटं डोक्यावर घातलं आणि निघून गेला. नाही म्हणाला नव्हता.

राजाबाई बसली ती बसलीच. साखळी, साखळी, खांब. मान आखडली, बोटाला काडी टोचून रक्त आलं तर तिनं ते पटकन चोखलं, देवाच्या लोकरीला लागू नये म्हणून. म्हसू न सांगता टोपरी उसवून गुंड्या करून देत होता. अंबाबाई कोपऱ्यात बसून नुसती बघत होती. कुठं टाका सुटतोय का तेच बघत असणार, असं राजाबाईला वाटलं.

रविवारी जाळी चौथऱ्यावर अंथरली. चौथऱ्याच्या कडा पाण्यानं ओल्या झाल्या होत्या. बाया लांब, बांधावर. धुळातात्यानं काठी लावली, बिरोबा कलंडला आणि जाळीवर आला. घागरीएवढा शेंदरी दगड. चौघांनी टोकं धरली. एक म्हसू, एक धुळातात्या, दोघं वाडीतले.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

उचलला.

आणि तेव्हा राजाबाईच्या डोक्यात वीज पडल्यासारखं झालं. जाळी ताणती! बाजारात प्रत्येक बाईला ओरडून सांगितलेलं, आणि इथं, देवाच्या वेळी, ती विसरली होती! चौघं चौथरा उतरून पाण्यात पाय टाकत होते आणि जाळी मधोमध लोंबायला लागली. भोकं लांब झाली, दगड खाली, आणखी खाली. कुणाचे हात आणखी वर जात नव्हते.

"धरा!" राजाबाई किंचाळली. "आवं, ताणतीया! धरा खालनं!"

धरणार कोण? देवाला हात लावायचा कुणी? चारही माणसं दगडासारखी उभी. बिरोबाचं बूड पाण्याला टेकलं.

तेवढ्यात बांधावरनं कुणीतरी उडी मारली. हिरवं लुगडं, पांढरे केस. अंबाबाई! गुडघाभर पाण्यात घुसली, दोन्ही हात जाळीखाली घातले, भोकांतनं बोटं थेट देवाला लागली, आणि तिनं बिरोबाला खालनं उचलून छातीशी धरला.

धुळातात्याचा जबडा लोंबत होता. बाईचा हात! देवाला! राजाबाईला वाटलं, आता आकाश फाटणार.

"बगताय काय?" अंबाबाई ओरडली. "चला की! म्हातारी हाय मी, किती येळ धरू?"

तेव्हा कुठं चौघांचे पाय हलले. अख्खा चढ ती तशीच गेली, वाकून, देवाला पोराला धरतात तसं धरून. माळावर देव बसला. सगळ्यांनी बघितलं होतं आणि कुणाचाच अजून विश्वास बसत नव्हता.

आकाश काही फाटलं नाही.

पुढं घरं माळावर गेली, चौथरा पाण्याखाली गेला, आणि पुढच्या वर्षी कोकरं कातरली तेव्हा अंबाबाईनं राजाबाईला हाक मारली. राजाबाईची कूस तेव्हाही रिकामीच होती. म्हातारीच्या हातात नवं गाडगं होतं, त्यात चिमूटभर पांढरी लोकर आणि वर कडुलिंबाचा पाला.

"हिकडं ये. हे आढ्याखाली, वरच्या फळीवर ठिवतीया. बगून ठेव."

राजाबाई जागची हलेना. "आत्याबाई, पर मी तर अजून..."

"बगून ठेव म्हनलं ना!" अंबाबाई फिस्कारली. मग पदरानं गाडग्याचा काठ पुसत विचारलं, "त्या कासारणीची पोरगी कशी हाय गं?"

"चालती आता."

"टोपरं?"

"अजून बसतंय. ताणलंय."

"ताणणारच की," अंबाबाई म्हणाली, आणि गाडगं सुनेच्या हातात दिलं.