टेपच्या बरोबरीने

शिरवण्यात शिवा मढवीचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तो गिटारवाला ना?" यात हसण्यासारखं काय आहे ते देव जाणे. प्लॉट विकून सगळा पैसा बारमध्ये उडवलेले लोक याच गावात आहेत, त्यांच्याकडे बघून कोणी हसत नाही, उलट लग्नात त्यांना पुढच्या खुर्चीत बसवतात. शिवाने कोणाचं वाकडं केलं नाही. त्याने एक गोष्ट शिकायचा ध्यास घेतला, ती जमेना म्हणून जिवाचं रान केलं, आणि त्यात स्वतःचा हात घालवून बसला. ती का जमत नव्हती ते कळलं तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

शिवाचे बाबा तो लहान असतानाच गेले. आई मालतीबाई, धाकटी बहीण निशिगंधा आणि शिवा, तिघांनाही सांभाळलं ते पंढरीकाकाने. शेती आणि मिठागरं नव्या शहराच्या घशात गेली तेव्हा गावात कोणी टेम्पो घेतला, कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या. पंढरीकाकाने लाऊडस्पीकरचा धंदा टाकला. माणसाएवढे बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, आणि मुंबईत मुसाफिरखान्याच्या परदेशी मालाच्या बाजारातून आणलेला जपानी टेप. आजूबाजूच्या गावांत हळद असली की पंढरीचा टेप पाहिजेच. आगरी हळद म्हणजे नुसती नवरीला हळद लावणं नव्हे. त्या दिवशी मांडवात किती माणूस नाचला यावर घराची इज्जत ठरते. जेवण कमी पडलं तर लोक एक वेळ विसरतील, पण नाच पडला तर पोरांची लग्नं होईपर्यंत ऐकवतील.

"पंढरीचा टेप कसा खनखनीत वाजतो," असं सगळे म्हणायचे, आणि काका मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "जपानी माल हाय." त्या टेपवर कुठलंही गाणं इतर टेपपेक्षा तेज वाजायचं हे खरंच होतं. त्याचं श्रेय अख्ख्या गावाने जपानला देऊन टाकलं होतं. खोलात कोण शिरतो?

शिवा वाशीच्या कॉलेजात बारावीपर्यंत गेला. तिथे त्याला सुधीर भेटला. सुधीरचं घर मूळचं साताऱ्याकडचं, वडील मार्केटात कांद्या-बटाट्याचे व्यापारी, राहायला वाशीत सोसायटीत. त्याचा रॉक वाजवणाऱ्या पोरांचा बँड होता. एक दिवस त्याने शिवाला एक कॅसेट दिली. कव्हरवर कवटी, आत लांब केसांचे गोरे बाप्ये. "ऐक आणि सांग," तो म्हणाला.

शिवाने ती घरी जपानी टेपमध्ये घातली. पहिल्यांदा गाणारा किंचाळला तेव्हा मालतीबाई चुलीपुढून उठून आल्या. "ह्याच्या नरड्याला काय झायलं रं?"

"आये, ते असंच गातात."

आणि ते असंच गातात हे शिवाने स्वतःही मान्य करून टाकलं. मग गाणं मध्यावर आलं, गाणारा गप्प झाला, आणि एकटी गिटार सुटली. खाली-वर, खाली-वर, सुरांवर सूर, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. शिवाने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला, पुन्हा नेऊन पुन्हा. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेनासं झालं. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम लागलं होतं, त्या पगारातून त्याने सुधीरच्या ओळखीने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली.

शिकवायला कोण होतं? कोणी नाही. गुरू म्हणजे तो टेप. सुधीरने एवढंच दाखवलं की पिक, म्हणजे तो प्लास्टिकचा तुकडा, नुसता खाली मारायचा नाही, वर येतानाही तार छेडायची. आणि डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती आपटली किंवा ओढून सोडली तरी सूर निघतो, प्रत्येक वेळी छेडावं लागत नाही. बाकी सगळं शिवाने कानाने काढलं. कसं काढलं असेल ते ज्याने कधी असं काही केलंय त्यालाच कळेल. चार सूर ऐकायचे, टेप थांबवायचा, गिटारवर शोधायचे, पुन्हा टेप. त्याने तारासुद्धा टेपशीच जुळवल्या. दुसरा आधार होताच कुठे? पण तारा त्या सुरापर्यंत ताणल्या की बारीक तार फटकन तुटायची.

"तुझीच तार एवढी कशी तुटते रे?" सुधीर विचारायचा.

"आमच्या इथं खारी हवा हाय."

सुधीरला ते पटलं. शिवालाही पटलं होतं. इतकी वर्षं खाडीकाठी काढल्यावर लोखंड का गंजतं ते गावच्या माणसाला सांगावं लागत नाही.

प्रेस मशीनचा ठोका दिवसभर एकसारखा पडायचा. जेवणाच्या सुट्टीत शिवा डब्याच्या झाकणावर बोटं चालवायचा, त्या ठोक्याच्या दुप्पट, मग चौपट. सोबतचे कामगार चेष्टा करायचे, "शिवाला फेफरं आयलं." घरी आला की बॉक्स ठेवायच्या शेडमध्ये बसायचा. जेवायला हाक मारून मारून निशिगंधाचा घसा बसायचा. बोटांच्या टोकांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. आणि हात सुटला. खरंच सुटला. गावातल्या कोणाला कळत नव्हतं, पण त्या शेडमध्ये त्या काळात जे वाजत होतं ते मुंबईतल्या चांगल्या-चांगल्यांना जमलं नसतं.

एकदा सुधीर शेडमध्ये आला. शिवाने त्याला तो तुकडा वाजवून दाखवला, नुसत्या गिटारवर, टेप न लावता. सुधीर ऐकतच राहिला. म्हणाला, "अरे यार, सेम टू सेम कॅसेट. आमचा लीड गिटारवाला इंजिनिअरिंगला पुण्याला चाललाय. त्याच्या जागी तू ये. कॉलेजच्या फेस्टिव्हलला आपण वाजवतोय."

शिवाला हेच हवं होतं. याच्यासाठीच तर सगळा आटापिटा. पण तो म्हणाला, "इतक्यात नाय. टेपच्या बरोबरीने येत नाय अजून. मागं पडतंय."

"कुठे मागं पडतंय? बरोबर तर वाजवलंस."

"तू बरा बोलतोस."

इथे शिवाने माती खाल्ली, पण त्याला दोष तरी कसा द्यायचा? सोसायटीतली पोरं गाववाल्यांशी गोड बोलतात ते मनात हसून बोलतात, हे त्याने कॉलेजात पुरेपूर अनुभवलं होतं. सुधीर कीव करतोय असंच त्याला वाटलं. स्टेजवर चढायचं तर असं चढायचं की कोणाच्या मेहरबानीची गरज नको. टेप खोटं बोलणार नाही, टेपला कोणाची कीव येत नाही. टेपच्या बरोबरीने ज्या दिवशी येईल त्या दिवशी आपण स्वतःहून वाशीला जाऊ, असं त्याने ठरवलं. सुधीर पुन्हा येऊन गेला, निरोपही पाठवला. शेवटी फेस्टिव्हल तोंडावर आलं आणि त्याने नेरूळच्या एका पोराला घेतलं. तो पोरगा यथातथाच होता, पण आला होता.

शिवाने मग आणखी जोर लावला. तुकड्याचा शेवट त्याच्या हातून निसटायचा तो निसटायचाच. टेपमधली गिटार पोचलेली असायची आणि शिवा अजून वाटेतच. मनगट दुखायला लागलं. मालतीबाईंनी तेल चोळलं, मिठाची पोटली गरम करून शेकलं, आणि रोज शेकता शेकता त्या गिटारला शिव्या दिल्या. शिवा फडकं बांधून बसायचा. मग एक दिवस डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तारेवर न जाता तळहाताकडे वळलं. शिवाने सरळ केलं. पुन्हा वळलं. जेवताना, बटण लावताना बोटं ठीक असायची. गिटारला हात लावला की मिटायची.

डॉक्टरने हात उलटसुलट करून पाहिला. "कसला ताण दिलात एवढा?"

"गिटार वाजवतो."

"कुठे वाजवता?"

शिवा बाहीचं बटण लावायला लागला. डॉक्टर म्हणाले, नसांनी चुकीची सवय लावून घेतली आहे, आराम करा, सुटेल की नाही सांगता येत नाही. सुटली नाही. पुढे पुढे मशीनवरसुद्धा ती बोटं मध्येच आखडायला लागली. प्रेसखाली हात जाईल या भीतीने सुपरवायझरने त्याला तिथून उठवून गेटवर बसवलं.

गिटारला कपडा गुंडाळून शिवाने ती माळ्यावर टाकली. सुधीरच्या कॅसेट तेवढ्या परत करायच्या राहिल्या होत्या. एका रविवारी त्या पिशवीत घालून तो वाशीला गेला. सुधीरने दार उघडलं, चहा सांगितला, हाताची चौकशी केली. कॅसेट चाळताना कवटीवाली वर आली. "आठवतंय?" म्हणत त्याने ती आपल्या डेकमध्ये घातली.

गाणं सुरू झालं तेव्हा शिवाला वाटलं, डेक बिघडलाय. गाणारा किंचाळत नव्हता, जड, भरदार आवाजात गात होता. ढोल रेंगाळत होते. "तुझा डेक स्लो चालतो," शिवा म्हणाला.

"नाही रे, नवाच आहे. सगळीकडे असंच वाजतं हे."

मग तो तुकडा आला. शिवाने कधी मांडीवर बोटं चालवायला सुरुवात केली त्याचं त्यालाच कळलं नाही, उजव्या हाताची, कारण डाव्याची चालत नव्हती. त्या तुकड्यातला सूर न सूर त्याला ओळखीचा होता आणि एकही सूर त्याच्या पुढे पळत नव्हता. हा वेग त्याने गाठला होता. सुधीर शेडमध्ये आला होता तेव्हाच गाठला होता. सुधीरने तोंडावर सांगितलं होतं, बरोबर तर वाजवलंस.

"त्या वेळी आला असतास ना," सुधीर म्हणाला आणि कपात बघत बसला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, शिवाला हाताचं वाईट वाटतंय. शिवा चहा अर्धा टाकून उठला.

घरी येऊन त्याने टेपचं मागचं झाकण काढलं. मोटारच्या पाठीत बारीक भोक असतं, आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू. कारखान्यातून तो बसवतात तेव्हा वर रंगाचा ठिपका देतात, कोणी हात लावू नये म्हणून. ठिपका फुटलेला होता.

पंढरीकाका ओट्यावर मासळी साफ करत बसला होता. शिवाने विचारलं, "काका, टेपचा स्क्रू कोनी फिरवलाय?"

"मीच," काका मान वर न करता म्हणाला. "विलासच्या हळदीला. माणूस नाचायलाच उठंना. रेडिओवाल्यानं युक्ती सांगितली, जरा फिरव म्हनला. काय नाचली लोकं त्या दिवशी." विलास म्हणजे काकाचा थोरला, शिवाच्या गिटारच्याही आधी त्याचं लग्न झालं होतं. "का रं?"

शिवा काय सांगणार होता? तू लोकांना नाचवायला स्क्रू फिरवलास आणि मी माझी तारुण्याची वर्षं त्या स्क्रूच्या मागे धावलो, हे त्या माणसाला कसं समजावायचं? काकाने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. ओरडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. "काय नाय," शिवा म्हणाला. आत जाऊन त्याने रेडिओवर लागणाऱ्या एका गाण्याशी ताडून स्क्रू जागेवर आणला आणि झाकण लावून टाकलं.

थोड्याच दिवसांत निशिगंधाची हळद आली. घरचंच कार्य, त्यामुळे बॉक्स मांडवाच्या दोन्ही तोंडांना लावलेले. संध्याकाळ झाली, हळद लागली, टेप सुरू झाला. पोरी उठल्या, थोड्या नाचल्या, बसल्या. मग कोणी उठेना. "आज पंढरीच्या टेपला काय झायलंय?" बायका आपसात बोलायला लागल्या. "मेल्यागत वाजतोय." नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन आलेली माणसं गालात हसत बसली होती. पंढरीकाकाला घाम फुटला. मालतीबाईंनी निशिगंधाकडे पाहिलं, निशिगंधाने शिवाकडे पाहिलं. पिवळ्या चेहऱ्यातले तिचे डोळे भरून आले होते.

"शिवा," काका जवळ येऊन म्हणाला, "तुला येतं ना त्यातलं, बघ ना बाला. पोरीची हळद हाय."

शिवाने झाकण काढलं. डाव्या हाताने मोटार धरायला गेला तर ती दोन बोटं तळहातात मिटली. "तुमी धरा," तो म्हणाला. काकाने मोटार धरली, शिवाने उजव्या हाताने स्क्रू फिरवला. काकाने फिरवला होता त्या जागेवर आला तरी थांबला नाही, आणखी फिरवला, फिरेल तेवढा फिरवला. गाणाऱ्या बाईचा आवाज लहान पोरीसारखा चिरका झाला. कोणाला काही खटकलं नाही. अख्खा मांडव उठला, पाहुणे उठले, म्हाताऱ्या कंबरेला पदर खोचून आत घुसल्या. मालतीबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

"बघ, आता कसा जपानी वाजतो," काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला.

शिवाने स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या आता असाच. आता याच्यावर शिकनारा कोनी नाय."

"काय म्हनलास?" काकाने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता तो नाचायला गेला.