दवाखान्याचे अक्षांश-रेखांश

आमच्या गल्लीतल्या मोजणीदाराला सगळे फूटपट्टी म्हणायचे, आणि गडी त्यावर खूश असायचा. भूमापन कार्यालयात तीस वर्षं नोकरी. घरात खिळा ठोकायचा तरी आधी टेप लावणार. हद्दीचा तंटा त्याने मोजणी केल्यावर कधी पुढे गेला नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा एका परदेशी वकिलातीने यादी करायला घेतली. दवाखाने कुठे आहेत ते कळवा, आम्ही लष्कराला सांगू, तिथे बॉम्ब पडणार नाहीत. बॉम्ब टाकणाऱ्या त्या लष्कराला विमानं या वकिलातीचंच सरकार पुरवत होतं, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन असेल असं आम्हा शहाण्यांना वाटलं. फूटपट्टीची धाकटी बहीण बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती. त्याने गच्चीवर चढून त्या जागेचे अक्षांश-रेखांश तीनदा काढले आणि स्वतः वकिलातीत नेऊन दिले.

"आता बिनघोर कामाला जा," तो तिला म्हणाला.

"दादा, तू मोजलंस म्हणजे झालं."

अकराव्या दिवशी भर दुपारी दवाखाना उडवला. नऊ जीव गेले, त्यात ती. लष्कर म्हणालं, कळवलेले आकडेच चुकीचे होते. वकिलातीने तीव्र चिंता व्यक्त केली. चिंता व्यक्त करायला यांच्या बापाचं काय जातं?

फूटपट्टीने अन्न सोडलं. माझ्या आकड्याने बहीण मारली, हेच धरून बसला. शेवटी यंत्र घेऊन त्या खड्ड्यात उतरला. सोबतीला मी होतो. "चूक निघू दे," असं तो सारखा पुटपुटत होता. चूक निघाली असती तर दोष त्याच्या माथी आला असता, पण कुणी जाणूनबुजून मारलं नाही, एवढं तरी समाधान मिळालं असतं. चूक निघाली नाही. बॉम्ब नेमका त्याच्या आकड्यावर पडला होता.

खड्ड्यातल्या मोजणीचा कागद घेऊन तो वकिलातीत गेला. तिथल्या साहेबाने मान डोलावली, कागद फायलीत लावला आणि विचारलं, "दवाखाना आता शाळेत हलवलाय ना? तिथले आकडे द्या. यादी अद्ययावत ठेवावी लागते."

त्याने दुसऱ्याच दिवशी आकडे दिले. जन्मात पहिल्यांदा खोटी मोजणी लिहून दिली: शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीची. तिथे चिटपाखरूही फिरकत नाही. मला हे सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या खाणीवर लागोपाठ दोन बॉम्ब पडले.