थांबाताई आणि न थांबणारा दवाखाना

आमच्या दवाखान्यात त्यांना सगळे थांबाताई म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. रोज दुपारी त्या तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून निघत, एकेका खिडकीत आणि वॉर्डात डोकावत आणि खणखणीत आवाजात सांगत, "थांबा हो, थांबा! सगळ्यांनी प्रोग्राममधून बाहेर पडा. बॅकअप घ्यायचाय!"

मी औषधांच्या खिडकीवर होतो. ताई दिसल्या की माझ्यासमोरची रांग सुस्कारा सोडायची. पण ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पेशंटची नावं, खाटा, तपासण्या, औषधं, सगळं एका सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये होतं. त्या फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली असली, तर पहिली डिस्क बिघडल्यावर दवाखाना तरतो. नाहीतर सगळ्यांनी कपाळाला हात लावून बसायचं. "डिस्क काय पूर्वसूचना देऊन मरते का?" असं त्या विचारायच्या. आम्ही निमूटपणे थांबायचो.

थांबत नसत त्या फक्त बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर. दोघींचं हाडवैर नव्हतं, पण रोजची चकमक ठरलेली. एका दुपारी ती चकमक जरा जास्तच पेटली. त्या दिवशी वॉर्डात तीन बाया एकदम अडल्या होत्या. ताई दारात येऊन म्हणाल्या, "सिस्टर, बाहेर पडा."

"मी पडते हो," सिस्टर हातमोजे चढवत म्हणाल्या. "तुम्ही आत जाऊन त्या बाळाला सांगा, बॅकअप होईपर्यंत थांब म्हणावं. ऐकलं तर माझी हरकत नाही."

वॉर्डातल्या आयासुद्धा कळा विसरून हसल्या. ताई लाल झाल्या आणि तरातरा खाली गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "नाही थांबायचं ना? नका थांबू! मी घेते तशीच नक्कल."

आणि घेतली. दवाखाना चालू, सगळे प्रोग्राम चालू, आणि ताईंनी डेटाबेसच्या फायली उचलून सरळ दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या. कॉपी बिनतक्रार झाली. कोणाला थांबावं लागलं नाही, ओरडावंही लागलं नाही. इतकं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं घसा का कोरडा केला, असं त्यांना वाटून गेलं.

पण बाई मुळातच संशयी. आयतं काही मिळालं की त्यांना झोप लागत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर पुसूनबिसून चालू केला आणि त्यावर ती नक्कल उघडून पाहिली. ती कुरकुरत, लाल अक्षरांत इशारे देत उघडली. आणि आतला गोंधळ पाहून ताईंना दरदरून घाम फुटला. आदल्या दुपारी जन्मलेलं एक बाळ नोंदीत होतं, वजनासकट होतं, पण त्याची आईच नव्हती! एक आजोबा एकाच वेळी दोन खाटांवर झोपले होते.

हे झालं कसं, ते त्यांना लगेच कळलं. आयांच्या नोंदींची फाइल आधी कॉपी झाली होती, बाळांची नंतर. मधल्या तासाभरात ती आई वॉर्डात दाखल झाली, बाळंतही झाली. पहिल्या फाइलला तिचा पत्ताच नव्हता. नकलेतली एक फाइल एका क्षणाची, दुसरी दुसऱ्याच क्षणाची. अशा नकलेवर भरवसा ठेवणं म्हणजे विस्तव पदरात बांधणं.

दुसरं कोणी असतं तर ती नक्कल गुपचूप पुसून मोकळं झालं असतं. ताई मात्र थेट वरच्या मजल्यावर सिस्टरांकडे गेल्या.

"सिस्टर, काल तुमचं एक बाळ मी अनाथ केलं."

सिस्टर दचकल्याच. मग सगळा प्रकार ऐकून खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, पण माझाही वॉर्ड थांबत नाही ना! चालू असतानाच नीट नक्कल घ्यायची काही सोय नसेल का? एवढा मोठा प्रोग्राम बनवणाऱ्यांना एवढंही सुचलं नसेल?"

हा प्रश्न ताईंनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. जुन्या प्रोग्राममधून सगळ्यांना बाहेर पडावंच लागायचं, म्हणून नवा आला तरी जुनीच सवय चालू राहिली होती. त्यांनी नव्या डेटाबेसचं माहितीपुस्तक उघडलं, त्याच्या कंपनीला फोन केला, आणि सोय निघाली! फायली बाहेरून उचलायच्याच नाहीत. डेटाबेसलाच सांगायचं, तुझी नक्कल तूच दे. मग तो एक क्षण धरतो आणि त्या क्षणी जे जसं होतं ते सगळं तसंच देतो, लोक काम करत राहिले तरी. नंतर होणारे बदल तो वेगळ्या फाइलमध्ये ओळीनं लिहीत जातो. नक्कल आणि ते बदल, दोन्ही वेगळ्या इमारतीतल्या मशीनवर ठेवायचे.

घरी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू अख्खा दवाखाना उगाच गप्प बसवत होतीस?"

"उगाच नाही," ताई म्हणाल्या. "आधी गरज होती. नंतर खोड जडली."

पण दुधानं तोंड पोळलेलं होतं. नवी नक्कलही त्यांनी आधी जुन्या मशीनवर उघडली आणि सिस्टरांना खाली बोलावलं. सिस्टर चष्मा लावून एकेक नाव बघू लागल्या. "ही आई आहे. हिचं बाळ आहे. हे आजोबा एकाच खाटेवर. बरं झालं बाई!" मग दोघींनी एकमेकींना टाळी दिली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ही तपासणी ठरूनच गेली. सिस्टर येताना खारे शेंगदाणे आणायच्या.

आम्हाला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. दुपार झाली की आम्ही हात आवरून ताईंची वाट बघायचो. त्या यायच्या, जेवणाच्या खोलीत जाऊन निवांत डबा उघडायच्या आणि आमच्याकडे बघून म्हणायच्या, "काय झालं? कामं करा की!"

मग एके दिवशी, सकाळच्या ऐन गर्दीत, सर्व्हरची डिस्क खरंच गेली. सगळे पडदे एकदम कोरे झाले. माझ्या खिडकीपुढे रांग, वर वॉर्डात धावपळ, आणि मोठे डॉक्टर जिना उतरून ताईंच्या दारात. "किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"बसा," ताई म्हणाल्या. "तोवर सगळ्यांना कागदावर लिहायला सांगा."

त्यांनी नवी डिस्क बसवली, आदल्या दिवशीची नक्कल तिच्यावर उतरवली आणि मग त्यानंतरचे बदल एकामागून एक चढवले. बोटं चालत होती, पण पायाचा अंगठा जमिनीवर सारखा टकटक करत होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. जेवणाच्या आधी माझा पडदा उजळला. डिस्क बंद पडायच्या जरा आधी मी दिलेल्या खोकल्याच्या औषधाची नोंदसुद्धा जागच्या जागी होती! रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, का ते निम्म्यांना माहीत नव्हतं.

जिन्यावरून सिस्टरांचा आवाज आला, "माझ्या सगळ्या आया आहेत हो! सगळी बाळं आहेत!"

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या व्हरांड्यात आल्या, चष्मा काढून पदरानं पुसला आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, आपली नक्कल चालली," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून त्यानं फोनवरच क्लॅरिनेट वाजवायला घेतलं. बेसूर होतं बहुतेक, कारण ताई फोन कानापासून लांब धरून हसत सुटल्या, आणि ते सूर आम्हाला सगळ्यांना ऐकू आले.