पहिली फेक

चीनशी लढाई झाली, त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली मद्रासला झाली. आवडी गावाजवळच्या एका दारूगोळा डेपोत मी लान्स नाईक होतो, जवानांना ग्रेनेड फेकायला शिकवायचो. बायका शेडमध्ये ग्रेनेडला फ्यूज बसवायच्या. फ्यूज हातात पेटला तर बाईने हाक मारायची आणि दारावरच्या जवानाने ग्रेनेड समोरच्या वाळूच्या पोत्यांच्या खड्ड्यात फेकायचा, अशी ड्रिल. का, तर बायकांची बोटं बारीक कामाची, पण त्यांना नेम नाही. हे शास्त्र कॅप्टनसाहेबांचं.

कावेरीबाई वेस्ट मांबलमहून यायच्या. तंजावरकडचं मराठी घर. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे पाच खडे खेळायच्या. एक उडवायच्या, चार उचलायच्या, वरचा झेलायच्या, आणि तोंडाने गप्पा चालूच.

"अण्णा, मज फेकाया शिकवा," एकदा मला म्हणाल्या.

"ऑर्डर नाही."

"गोळ्यास ऑर्डर ठाऊक असते काय?"

पोरी हसल्या. मी साहेबांकडे परवानगी मागायला गेलो. साहेबांनी खिडकीतून ते खडे उडताना पाहिले.

"बघितलंस? झेलणं बाईचा हात, फेकणं पुरुषाचा. डिसमिस."

पुढे एके दिवशी सकाळी साहेबांनी दारावरचा जवान ट्रक उतरवायला पाठवला. मी रेंजवर होतो. "फायर, फायर," अशी कावेरीबाईंची हाक ऐकली आणि पळत सुटलो. दारात कोणी नव्हतं. शेडला दार एकच, तेही बाहेरून लागणारं. आत चार पोरी आणि भरलेल्या पेट्या. कावेरीबाईंनी दारातून ग्रेनेड फेकला. आयुष्यात पहिल्यांदा. तो खड्ड्यापर्यंत पोचला नाही, चार हातांवर पडला. त्यांनी तो पाहिला. मग त्या बाहेर आल्या आणि लोखंडी दार ओढून कडी घातली.

स्फोटानंतर मी पोचलो तेव्हा कडी लागलेलीच होती. ती मी काढली. चारही पोरी जिवंत होत्या.

"बाईमाणसाचा नेम, दुसरं काय होणार," साहेब चौकशीत म्हणाले. चौकशी करणाऱ्यांनी माना डोलावल्या. जवान दारावरून कोणी हलवला, हे कोणी विचारलं नाही.

आता अंगावर वर्दी नाही, म्हणून सभांतून उघड बोलतो. मुलाच्या हाती चेंडू द्यायचा, मुलीला म्हणायचं घरात बस, आणि वीस वर्षांनी दोघांचा नेम तपासायचा. याला शास्त्र म्हणायची लाज वाटली पाहिजे.

डेपोच्या फाटकाशी मेलेल्यांच्या नावांची शिळा आहे. कावेरीबाई सिव्हिलियन, म्हणून त्यांचं नाव तिच्यावर नाही. म्हणून ते मी इथे लिहिलं. आणखी एक लिहितो. मी रिक्रूट होतो तेव्हा माझी पहिली फेक माझ्याच बुटांपाशी पडली होती. ग्रेनेड डमी होता. उस्तादांनी एक शिवी हासडली आणि दुसरा हातात दिला.