मच्छिंद्रचा 'म'

मस्तगडातल्या मच्छिंद्र लोहाराची मिजास एकच होती. काम संपलं, की पत्रे जोडणाऱ्या शेवटच्या रिबिटाच्या लालभडक डोक्यावर तो स्वतः घडवलेल्या ठशानं 'म' उमटवायचा. बावीस वर्षांत कितीतरी टाक्यांवर आणि ट्रॉल्यांवर तो 'म' बसला होता. "म असला की बघायचं काम न्हाई," असं लोक म्हणत. तो ऐकलंच नाही असं दाखवी, पण मिशी हलायचीच.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात फौजेतून निवृत्त झालेल्या काकासाहेबांनी लिलावातून एक जुनी लष्करी लॉरी आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या मोठ्या लढाईत त्यांनी असलीच गाडी हाकली होती. चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, निम्मी रिबिटं गंजून खुळखुळत होती.

"वेल्डिंग बिलकुल न्हाई," काकासाहेब म्हणाले. "होती तश्शी पायजे. सव्वीस जानेवारीला पलटणीतले सोबती येऊन राह्यले."

"फिकर नका करू," मच्छिंद्र म्हणाला.

तेव्हा त्याची बायको झुंबरबाई मंठ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. सव्वा महिना झाल्याशिवाय ती काही परतणार नव्हती. भट्टीचं काम एरवी तिचं. रिबिट तापवायचं, सांडशीनं भोकात घालायचं आणि मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. समोरून घण मारून दुसरं डोकं घडवायचं, ते मच्छिंद्रचं. त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं की घण मारणाऱ्यानं आगीकडे बघू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घाव चुकतो. म्हणून रिबिट भोकातून डोकावेपर्यंत तो भट्टीकडे पाठ करून उभा राही. आता झुंबरबाईच्या जागी त्यानं चुलतभाऊ कचरूला बसवलं. भाता ओढायला काय अक्कल लागते, असं त्याला वाटलं.

पहिल्या दिवशी चौदा रिबिटं झाली. डोकी वाटीसारखी गोल, देखणी. निवल्यावर त्यानं एका बाजूला बोट टेकवून दुसरीकडून हातोडी मारली. पक्कं रिबिट बोटाला काही कळू देत नाही. हे थरथरलं. पुढचंही थरथरलं. चौदातली नऊ सैल!

मच्छिंद्रला काही सुधरेना. कोळसा बदलला. रिबिटाचं लोखंड बदललं. भोकं मोजली, पत्रे बोल्टानं आवळून पाहिले. सगळं बराबर होतं आणि रिबिटं मात्र सैलच. छिन्नीनं डोकी उडवायची, नवी मारायची, पुन्हा तेच. शेवटी तो स्वतःच्या मनगटाकडे संशयानं बघायला लागला. शिवाय कामात कसला तरी आवाज कमी आहे, असं त्याला सारखं वाटे. कसला, ते सांगता येईना. कचरूला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, मला तर घणाशिवाय काही ऐकूच येऊन न्हाई राह्यलं."

काकासाहेबांनी एकदा स्वतःच बोट टेकवून पाहिलं. "मच्छिंद्र," ते हळूच म्हणाले, "तुझा हात गेला का रे?"

त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही. हात गेला तर मच्छिंद्र उरला किती, हेच त्याला कळत नव्हतं.

झुंबरबाई आली ती पिशवी ठेवून थेट भट्टीशी बसली. मच्छिंद्र सवयीनं पाठ करून उभा राहिला. मागून आवाज आला, टक टक. तो गर्रकन वळला. हाच तो आवाज!

"इकडं काय बघून राह्यलाय? डोळे दिपतील," ती म्हणाली.

पण बावीस वर्षांत पहिल्यांदा तो बघत राहिला. भोकातून डोकावणारा पांढरा शेंडा आठवून त्याला आता उमगलं, कचरू भाता जोरात ओढून रिबिटाचा शेंडाच तेवढा पांढरा करायचा आणि दांडा आत काळाच राहायचा. डोकं छान घडे, पण भोक भरत नसे. झुंबरबाईनं पुढचं रिबिट घेतलं, पण ते ज्वाळेत घातलंच नाही. बाजूच्या निखाऱ्यात सारलं, भाता सावकाश ओढला, दोनदा फिरवलं. बुडापासून शेंड्यापर्यंत सारखं लाल झाल्यावर दगडावर दोनदा आपटून वरचा जळका पापुद्रा झाडला आणि मग भोकात घातलं. घण मारून झाला, रिबिट निवलं. मच्छिंद्रनं बोट टेकवलं. काही थरथरलं नाही.

"हे तू कधी शिकलीस?"

"पयल्याच वर्षी. तुमाला सांगाय आल्ते की. तुमी म्हणलात, तू तुझ्या भट्टीकडं बघ. मंग बघत राह्यले."

त्याला लाज वाटली, आणि राग कोणावर काढावा तेही समजेना.

पंचवीस तारखेला शेवटचं रिबिट बसलं. झुंबरबाईनं नेहमीसारखा ठसा पुढे केला. मच्छिंद्र तो हातात घेऊन नुसताच उभा राहिला. "निवून राह्यलं, मारा की जल्दी!" ती ओरडली. लालाचं काळं झालं तरी त्याचा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आलेल्या काकासाहेबांनी एकूणएक रिबिट ठोकून पाहिलं आणि खूश होऊन शेवटच्या रिबिटावर बोट फिरवलं. "अरे, तुझा म कुठाय?"

मच्छिंद्रनं भट्टीकडे पाहिलं. झुंबरबाई राख काढत होती.

"काकासाहेब," तो म्हणाला, "आजवर मारला तो खोटा होता."